वजनापुरती

आमच्या माजघराचं दार हलकं आहे. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा पडवीतून आत शिरला की ते आपटतं, आणि दार आपटलं की मागोमाग हिचा आवाज येतो, "वीट खय ठेवलात?" ही वीट मातीची नाही, चिऱ्याचीही नाही. शिशाची आहे. लांबीला दहा सेंटिमीटर, रुंदीला पाच, जाडीला चार. मोबाइलपेक्षा आखूड. मधोमध आरपार भोक. शिसं विषारी म्हणून हिने तिला फाटकाला लावून उरलेल्या हिरव्या ऑइलपेंटचे दोन हात मारले आहेत, आणि तरीही कोणी विटेला हात लावला की त्याला न्हाणीघराकडे पिटाळलं जातं.

नवा माणूस विटेला हमखास फसतो. पोरं पायाने उडवायला जातात आणि अंगठा धरून बसतात. मोठी माणसं दोन बोटांत धरून उचलायला बघतात; ती जागची हलत नाही, मग ते माझ्याकडे बघतात. मी काही बोलत नाही. एवढ्याशा अंगात सव्वादोन किलो ऐवज आहे हे ज्याने त्याने आपल्या हातानेच समजून घ्यावं.

शिशाची घनता ११.३४. म्हणजे तांब्याभर पाण्याच्या जागी शिसं ओतलं तर तांब्या उचलताना सव्वाअकरा पट दम लागेल. पण शिशाला वजनाचा गर्व नाही. लोखंड फरशीवर पडलं की चार घरांना कळवतं, पितळ तर नुसता धक्का लागला तरी गातं. शिसं पडलं की "ठप्प" एवढंच. घुमणं नाही, उसळी नाही. रंग उडालेल्या कोपऱ्यावर नख ओढलं तर चांदीसारखी रेघ उमटते, आणि काही दिवसांत ती पुन्हा करडी होते. जणू चमकल्याची तिलाच लाज वाटली असावी.

या जातीशी माझी ओळख जुनी. माझी सगळी नोकरी वजनमापे खात्यात गेली. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा निघाला, त्याच्या आधीपासून मी या भागातल्या बाजारांत ठसे मारत फिरत होतो. तराजूतलं लोखंडी वजन कधी उलटं करून बघितलंत तर बुडाला एक खळगा दिसेल, आणि खळग्यात शिसं. ओतीव लोखंड साच्यातून अचूक वजनाचं निघत नाही. म्हणून ते मुद्दाम थोडं हलकं ओततात आणि कमी पडेल तेवढं शिसं खळग्यात ठोकून वजन बरोबर करतात. सरकारी ठसा उठतो तो त्या शिशावर. ओतीव लोखंडावर हातोडी मारली तर लोखंड तरी तडकेल नाहीतर ठसा तरी बोथट होईल. शिसं एका ठोक्यात कबूल होतं. किलो लोखंडाचा, पण तो खरा की खोटा याची जबानी द्यायची शिशाने.

आणि लबाडी करणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. खळगा कोरायचा, शिसं काढून घ्यायचं, वर लाख भरून काळं फासायचं. गिऱ्हाइकाला वजन तेच दिसतं. मापात पाप म्हणतात ते पाप बहुतेक वेळा या खळग्यात सापडायचं. म्हणून दुकानात गेल्यावर मी आधी तराजू बघत नसे, वजन उलटं करत असे. दुकानदार लगेच पोराला म्हणायचा, "साहेबांका च्या सांग." मी चहा घेत नसे. तीस-बत्तीस वर्षं आठवडी बाजारांत हिंडून बाजारातला चहा न पिणं म्हणजे काय, ते ज्याने केलं त्यालाच माहीत.

सांगायचं कारण, वजन कमी करणाऱ्या लोकांच्या मागे ज्याचं आयुष्य गेलं, त्याला म्हातारपणी वजन वाढवणारा भेटला. तोही आपलाच भाचा.

भाचा न्यू जर्सीत, एडिसनला. कॉम्प्युटरवाला. २०१९च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं त्याच्याकडे तीन महिने होतो. तिथल्या मराठी माणसाच्या गॅरेजमध्ये जे असतं ते सगळं त्याच्याकडे होतं, गणपतीच्या मखराचे थर्मोकोल, कुकरच्या जुन्या शिट्ट्या, बर्फ ओढायचं फावडं, आणि या सगळ्यांत एक १९६९ची शेव्हरोले नोव्हा. आमच्या सूनबाईच्या भाषेत, सवत. शनिवार-रविवारी तो या गाडीखाली पाठीवर पडलेला असे आणि पायांवरून घरात आहे हे कळे.

ही गाडी ड्रॅग रेसची. मला वाटलं होतं शर्यत म्हणजे वळणं, डावपेच, चकवे. यात तसलं काही नाही. सरळ डांबरी पट्टा, पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या, मध्ये दिव्यांचा खांब. १९६३ पासून तो खांब आहे आणि त्याला ख्रिसमस ट्री म्हणतात. पिवळे दिवे लागतात, मग हिरवा, की सुटायचं. भाच्याची गाडी तेरा सेकंदांत पलीकडे पोचायची आणि रेघ ओलांडताना वेग ताशी एकशे सत्तर किलोमीटर. तेरा सेकंदांसाठी माणूस वर्षभर पाठीवर पडतो. आमच्याकडे दशावतारातला राजा तोंड रंगवायलाच तास घेतो, त्यामुळे मला त्याचं फार नवल वाटलं नाही.

एका संध्याकाळी तो हात पुसत आत आला.

"मामानू, गाडी हलकी झाली."

"मगे बराच झाला मा. पळात."

"बरा खयचा! एकशेपाच पौंड कमी पडतत."

ते असं. प्रत्येक गटाला कमीत कमी वजनाची अट. त्याच्या गटात चालकासकट ३,२०० पौंड. अट नसती तर पैसेवाल्याने गाडी पोखरून पोखरून कागदाची केली असती आणि बाकीच्यांनी घरी बसायचं. शिवाय पोखरलेली गाडी उलटली तर आतल्या माणसाला वाचवायला काही उरत नाही. म्हणून गाडी काट्यावर उभी करतात, माणूस आतच बसलेला, हेल्मेटसुद्धा डोक्यावर. भाच्याने वर्षभर जाड सीट काढून पातळ बसवली होती, बॉनेट फायबरचं केलं होतं, हीटर उपटला होता. आता कमी झालेलं वजन परत घालायचं.

"मगे काढलस कित्याक?" मी विचारलं.

त्यावर तो जे बोलला ते मी अजून घोळवतो. म्हणाला, मामानू, सीटचं वजन सीटच्या जागी असतं, हीटरचं हीटरच्या जागी. ते कारखान्याने ठरवलेलं. शिशाचं वजन मी ठरवेन तिथे. गाडी सुटते तेव्हा नाक वर उचलतं, भार मागच्या चाकांवर जातो, आणि रस्ता पकडायचा असतो तो त्याच चाकांनी. त्यातही इंजिनाचा पीळ मागच्या आसाला असा काही येतो की उजवं चाक हलकं पडतं आणि जागच्या जागी फिरत राहतं. म्हणून शिसं डिकीत, उजव्या अंगाला. दोन्ही गाड्या काट्यावर ३,२०० पौंडांच्याच, पण एकीचं वजन नुसतं आहे आणि एकीचं जागेवर आहे.

आमच्या किनाऱ्यावर हे कोणाला समजावून सांगावं लागलं नसतं. मालवणकडची होडी बघा, बाजूला दोन दांड्यांवर उलांडी तोलून धरलेली असते; ते लाकूड मासे धरत नाही, वल्हं मारत नाही, शीड ओढत नाही. पण नसलं तर होडी पहिल्याच लाटेला कुशीवर. मोठ्या गलबतांत माल उतरला की तळाला दगड भरत, त्याला जुना शब्द नीरम. तळात गप्प पडून राहणारं ओझं. इंग्रजीत या सगळ्याला बॅलास्ट म्हणतात, आणि तो शब्द त्यांनी रुळांखालच्या खडीलाही लावला आणि ट्यूबलाइटच्या चोकलाही. आपण तिघांना तीन नावं ठेवली. मला आपलं बरं वाटतं. तिघांची कामं वेगळी, स्वभाव वेगळे.

तर शिसं ओतायचं ठरलं. भंगारातून आणलेलं शिसं, अंगणात पेटवलेली गॅसची शेगडी, तोंडाला मास्क, हातांत कोपरापर्यंत मोजे. सूनबाईचा केकचा एक साचा त्या दिवशी कायमचा स्वयंपाकघरातून गेला. शिसं ३२७ अंशांना वितळतं, धातूंच्या मानाने लवकरच. लहानपणी कल्हईवाला यायचा तेव्हा कथील असंच पातेल्यात पाण्यासारखं धावायचं. वर राखाडी साय धरते, ती बाजूला केली की खाली आरसा. मी लांब खुर्चीवर बसून बघत होतो आणि मला आमच्या सिंधुदुर्गाचा तट आठवत होता. १६६४ सालच्या नोव्हेंबरात महाराजांनी कुरटे बेटावर पाया घातला तेव्हा पायाच्या दगडांत शिशाचा रस ओतला, असं मालवणचं शेंबडं पोरही सांगतं. त्यावर साडेतीनशे पावसाळे गेले. तिथल्या शिशालाही कोणी बघायला जात नाही. बघतात ते बुरूज, आणि महाराजांच्या हातापायांचे ठसे.

पन्नास पौंडांच्या दोन लाद्या निघाल्या. उरलेल्या पाच पौंडांची ही वीट.

लाद्यांचं मला काही वाटलं नाही. त्या मोठ्या, भारदस्त, त्यांच्यावाचून भागणारच नव्हतं. वीट मात्र मला पहिल्यापासून आपली वाटली. भाच्याने तिला घरच्या काट्यावर ठेवून थेंबथेंब शिसं घालून बरोबर पाच पौंड केलं, मग मधोमध अर्ध्या इंचाचं भोक पाडलं. मी म्हटलं, अरे, भोकातलं शिसं गेलं की! तो हसला. "बोल्ट येतलो मा त्येच्यात." नट, बोल्ट, दोन वायसर. भोकात गेलं त्याहून जास्तच परत आलं. खात्यातली माझी सगळी वर्षं त्या हसण्यात आली.

बोल्ट लावावाच लागतो. अमेरिकेत या खेळाचे नियम मुख्यतः एनएचआरए नावाची संस्था ठरवते, वॉली पार्क्स यांनी १९५१ साली काढलेली. तिच्या नियमात सैल वजन चालत नाही. वाळूच्या पिशव्या नकोत, दगड नकोत, पाणी नको, छर्ऱ्यांच्या थैल्या नकोत. जे काय असेल ते गाडीच्या सांगाड्याला पक्कं कसलेलं हवं. एकशे सत्तरच्या वेगात गाडी कशालातरी धडकली तर सैल वीट थांबत नाही, ती त्याच वेगाने चालकाच्या मानेकडे निघते. हे सांगताना भाच्याचा आवाज जरा उतरला. एडिसनजवळच इंग्लिशटाउनचा पट्टा होता, जिथे तो पहिल्यांदा ही शर्यत बघायला गेला होता. २००८च्या जूनमध्ये तिथे स्कॉट कलिटा हा नावाजलेला चालक गेला, आणि त्यानंतर सगळ्यात वेगवान गाड्यांसाठी पट्टा पाव मैलावरून हजार फुटांवर आणला. २०१८ला इंग्लिशटाउनची ड्रॅग रेसच बंद झाली. आता पेनसिल्व्हेनियात दोन तासांवर मेपल ग्रोव्हला जावं लागतं.

सैल वजनावरून मला माझीच गंमत आठवली, ती त्या रात्री जेवताना सांगितली. १९७१ साल. मी आणि गावातला एक दोस्त भरतीला कोल्हापूरला गेलो. तिथे पन्नास किलोचा काटा. दोस्त भरला असता सत्तेचाळीस. कोणीतरी सांगितलं, केळी खा आणि वर पाणी पी. पठ्ठ्याने काट्याआधी दीड डझन केळी आणि बादलीभर पाणी पोटात घातलं. काटा पार झाला. पुढे धावायचं होतं. पहिल्याच फेरीत निम्मं वजन मैदानावर राहिलं. भाचा पोट धरून हसला आणि म्हणाला, "मामानू, लूज लिक्विड बॅलास्ट. डिस्क्वालिफाय!" महाराष्ट्रात आजही भरतीच्या मैदानाबाहेर केळीवाले उभे असतात ते उगाच नाही. आणि याच्या उलटं दुःख २०२४च्या ऑगस्टमध्ये सगळ्या देशाने बघितलं, पॅरिसला विनेश फोगटचे शंभर ग्रॅम जास्त भरले तेव्हा.

मोठ्या लोकांनीही केळी खाल्ली आहेत. १९८४ साली फॉर्म्युला वनमध्ये टायरेल नावाच्या टीमच्या गाड्या शर्यतभर हलक्या पळायच्या आणि शेवटी शेवटी पाण्याची टाकी भरून घ्यायला थांबायच्या. पाण्याबरोबर शिशाचे छर्रेही आत जायचे. शर्यत संपल्यावर काट्यावर वजन बरोबर. डेट्रॉइटच्या शर्यतीनंतर ते उघडकीला आलं आणि टीम आख्ख्या वर्षातून बाद झाली. तिकडे स्टॉक कारवाला डॅरेल वॉल्ट्रिप उलटं करायचा, काट्यावरून उतरल्यावर रस्त्यात छर्रे सांडत जायचा. म्हातारपणी त्याने स्वतःच हसत हसत सांगितलं. वाचताना मला कुठल्याही देशात घरी असल्यासारखं वाटलं. खळगा कोरणारे सगळीकडे.

आता हिशोब. या लोकांत एक ठोकताळा आहे: शंभर पौंड वजन वाढलं की पाव मैलाला साधारण एक दशांश सेकंद जास्त लागतो. मग पाच पौंडांना? पाच हजारांश. डोळ्याची पापणी लवते त्यात असे वीस-पंचवीस मावतील. पण रेघेवर गाडी ताशी एकशे सत्तरने जात असते, आणि त्या वेगात पाच हजारांश सेकंदात ती किती पुढे जाते हे मी एका कागदी रुमालावर काढलं. साडेतेवीस सेंटिमीटर. म्हणजे एक वीत. मी आपला पंजा टेबलावर पसरून बघितला. आमच्या विटेची किंमत एक वीत. शेजारची गाडी एका वितीने पुढे गेली तर ती हिच्यामुळे असेल, आणि हे हिला कोणी सांगणार नाही, कारण हरणाऱ्याला हरायला आणखी शंभर कारणं असतात.

मेपल ग्रोव्हला गेलो तो शनिवार. पहाटे निघालो, सूनबाईने घावणे आणि चटणी दिली होती. उन्ह लागेपर्यंत पट्ट्यावर रबर जळल्याचा वास, त्यात पेट्रोल, त्यात कोणाच्या तरी शेगडीवरचं मांस. गाड्या मागची चाकं जागेवर फिरवून धूर काढायच्या, टायर गरम करायला. कानांत बोळे घालूनही आवाज छातीत लागायचा. भाच्याने सकाळी गाडी काट्यावर चढवली. ३,२०४. चार पौंड वर. तो डिकी उघडून उभा राहिला आणि विटेच्या बोल्टाकडे बघत राहिला.

"काढू काय?"

मला आतून खाज सुटली. काढली तर एक पौंड कमी. पण काट्याआधी चार घावणे खाल्ले होते, आणखी दोन खाल्ले तर तोही भरून निघाला असता. वीत वाचली असती. मी खात्याचा माणूस. मी म्हटलं, ऊन बघ. अंगात आगीपासून वाचवणारा जाड कोट, डोक्यावर हेल्मेट, दोन तास रांगेत. घाम किती जाईल? पेट्रोल किती जळेल? काटा शर्यतीनंतर परत आहे. असूंदे.

त्याने डिकी लावली.

पहिली फेरी जिंकला. शेजारची कॅमारो सुटताना चांगलीच सरकली आणि तिथेच मागे राहिली. परतीच्या रस्त्याला काटा. मी कुंपणाला धरून उभा. आकडा लागला ३,२०१. एक पौंड वर. वीट नसती तर चार पौंड कमी, आणि जिंकलेली फेरी रद्द. भाच्याने आतून अंगठा दाखवला. मी डिकीकडे बघितलं. डिकी बंद होती.

दुसऱ्या फेरीत तो हिरव्याच्या आधी सुटला. लाल दिवा. बाद. परत येताना बराच वेळ गाडीत कोणी बोललं नाही. मग रस्त्यात त्याने उरलेला घावणा खाल्ला आणि म्हणाला, लाल दिवा माझा, त्यात विटेचा काही दोष नाही. मी म्हटलं, ती कुठे काय म्हणाली.

या धंद्यात टंगस्टनही असतो. घनता १९.३, जवळजवळ सोन्याइतकी, म्हणून तर खोट्या सोन्याच्या लगडीत तो घालतात. फॉर्म्युला वनवाले तोच वापरतात; कमी जागेत जास्त वजन, हवं तिथे, गाडीच्या तळाला चिकटून. तिथे २०१९ साली नियम आला, चालक आणि त्याचं आसन मिळून ऐंशी किलो भरलं पाहिजे, आणि चालक हलका असला तर बाकी वजन त्याच्या बसायच्या जागेतच ठेवलं पाहिजे. उंच पोरांनी उपाशी राहू नये म्हणून हा नियम. चांगला नियम. पण टंगस्टन महाग, त्याला कापायला वेगळी हत्यारं लागतात, आणि अंगणात शेगडीवर ओतता येत नाही. गरिबाचं शिसंच बरं. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर जॉकी हलका पडला की घोड्याच्या खोगिराखालच्या कापडातल्या खिशांत शिशाच्या पट्ट्या सरकवतात, त्याही याच घरातल्या.

आम्ही परत यायला निघालो तेव्हा पुन्हा वजनाचाच प्रश्न. विमानात माणशी दोन बॅगा, प्रत्येकी तेवीस किलो. परदेशातल्या मराठी घरात तेवीस किलोची बॅग साडेवीस किलोवर पाठवणं हे अन्न टाकण्याइतकं पाप समजतात. सूनबाई बाथरूमच्या काट्यावर बॅग घेऊन उभी राहायची, मग बॅगेशिवाय, मग वजाबाकी. तीन बॅगा भरल्या, बदाम, शांपू, कोणाच्या तरी कोणाचे तरी बूट. चौथी अडली, साडेवीसला. घरात भरायला काही उरलं नव्हतं.

"मामानू," भाचा गॅरेजातून म्हणाला, "वजन कमी पडता मा?"

आणि वीट बोल्टासकट घेऊन आला. पुढच्या मोसमात तो गाडीला जुनी जड सीट परत लावणार होता. सूनबाईला शेजारी बसवून एकदा पट्ट्यावर न्यायचं कबूल केलं होतं, आणि पातळ सीटवर ती बसणार नव्हती. म्हणजे पाच पौंड सूनबाईकडून आले. वीट रिकामी झाली.

टॉवेलात गुंडाळून ती माझ्या बॅगेत बसली. वाटेत कुठेतरी बॅग उघडली गेली, आत छापील चिठ्ठी सापडली. क्ष-किरणाला शिसं काळं ठिक्कर दिसतं, आरपार काही जात नाही, त्यांचंही चुकलं नाही. मुंबईला एका अधिकाऱ्याने टॉवेल उलगडून विचारलं, हे काय? शिसं. कशाला? मला चटकन काही सुचेना. खरं कारण सांगायचं तर सुरुवात ख्रिसमस ट्रीपासून करावी लागली असती. मी म्हटलं, दाराला. त्याने हातात घेऊन वजन बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि सोडलं. मग रेल्वेने कणकवली, आणि तिथून रिक्षाने नांदगाव. रुळाखालची खडी रात्रभर आवाज करत होती. नीरम नव्हे, खडी.

घरी आल्यावर एक शंका मात्र जाईना. नुसती वीट, बोल्टाशिवाय, किती भरते? आमच्या तिठ्यावर, जिथून देवगडचा रस्ता फुटतो, तिथे काजूबी घेणाऱ्याचं दुकान आहे. नवा इलेक्ट्रॉनिक काटा. मी संध्याकाळी पिशवीतून वीट काढून काट्यावर ठेवली. पाच पौंड म्हणजे २.२६८ किलो. आकडा आला २.२१०.

अठ्ठावन्न ग्रॅम कमी.

माझ्या कपाळाला आठी पडली असावी. दुकानदाराचा चेहरा बघता बघता उतरला. त्याच्या बापाच्या दुकानातली वजनं मी उलटी करून बघत असे, तेव्हा हा पोर काउंटरखाली बसून गोट्या खेळायचा.

"साहेबानू, काटो बरोबर आसा मा? गेल्याच महिन्यात शिक्को मारून घेतलंय."

मी उत्तर दिलं नाही. त्याच्याच बिलाच्या पाठीमागे आकडे मांडायला लागलो. अर्ध्या इंचाचं भोक, चार सेंटिमीटर खोल. पाच घनसेंटिमीटर आणि वर किंचित. गुणिले ११.३४. सत्तावन्न पूर्णांक काही. काटा पाच-पाच ग्रॅमने मोजणारा. म्हणजे बरोबर. अगदी बरोबर.

"काटो बरोबर आसा," मी म्हटलं. "भोक आसा."

त्याला भोक कळलं नाही, पण श्वास सुटला. मी मान वर केली तेव्हा पोरगा काचेचा ग्लास घेऊन समोर उभा होता, वर साय धरलेला, आलं घातलेला. कधी सांगितला कोण जाणे. मी वीट पिशवीत टाकली आणि ग्लास हातात घेतला.

चहा बरा होता. थोडा गोड जास्त.